चौकशीवाली आत्या

आत्याच्या इमारतीत खोली हवी असेल तर आधी पार्किंगमध्ये लाल प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसावं लागे. समोर आत्या, आणि तिच्या आजूबाजूला इमारतीतले झाडून सगळे भाडेकरू. भाडं, डिपॉझिट, पाण्याची वेळ हे सगळं नंतर, आधी चौकशी. ती एकटी चौकशी करत नसे. ज्यांच्या भिंतीला नव्या माणसाची भिंत लागणार, त्यांनी विचारायचं, असा तिचा नियम होता. सकाळी मिक्सर कधी लावणार, गावाहून पाहुणे आले की किती मुक्काम करतात, इथपासून ते आधीची खोली का सोडली, इथपर्यंत. तळवली गावातले दलाल बाकीच्या मालकांकडे गिऱ्हाईक नेताना नुसती खोली दाखवत. आत्याकडे आणलं की गेटपाशीच थांबवून सांगत, "मॅडम, टेन्शन घेऊ नका, म्हातारी जरा इंटरव्ह्यू घेते."

मी बार्शीहून ऐरोलीच्या कंपनीत नोकरीला आले तेव्हा त्या खुर्चीवर बसले होते. कंपनीतला इंटरव्ह्यू त्यापुढे काहीच नव्हता. खालच्या मजल्यावर एक नर्सबाई राहत. त्यांनी मला विचारलं, की रात्रपाळी करून आलेल्या माणसाला सकाळी झोपावं लागतं, हे तुला माहीत आहे का. वरच्या मजल्यावरच्या एका काकांनी विचारलं, की गाणी स्वतःच ऐकतेस की शेजाऱ्यांनाही ऐकवतेस. मी दिवसभर खोल्या बघून दमले होते, त्यामुळे चिडले. म्हटलं, माझे कागद पोलीस ठाण्यात देणारच आहात ना, मग हे आणखी कशाला? आत्याचा आवाज जराही चढला नाही. ती म्हणाली, "पोलीस कागद बगतान बाय. मानूस आमालाच बगाला लागतो."

आणि मग ती उठली, मला उठवलं आणि स्वतः त्या खुर्चीवर बसली. आता तू विचार, म्हणाली. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी सुचेल ते विचारलं, आणि तिने सांगितलं, की उन्हाळ्यात पाणी कमी दाबाने येतं, वरच्या बाथरूमची ओल तुझ्या भिंतीत उतरते, आणि समोरचा कुत्रा नव्या माणसावर आठवडाभर भुंकतो. घरमालकीण स्वतःच्या खोलीची अशी बदनामी करताना मी पहिल्यांदाच पाहत होते. मी तिथल्या तिथे खोली घेतली. ओल खरंच उतरायची.

आत्या कुणाची आत्या, तर जनार्दनसाहेबांची. बाकी आम्ही सगळे फुकटचे भाचे. तिचा नवरा लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेला, मूलबाळ झालं नाही. पुढे भावाची बायको गेली, तेव्हा तिचा लहानगा जनू आत्याने आपल्या घरी आणला तो कायमचाच. शेती शहरात गेली, गावठाणातल्या घराच्या जागी इमारत उभी राहिली, जनू शिकून फौजदार झाला, बढत्या घेत वरिष्ठ अधिकारी झाला आणि निवृत्तही झाला. त्याच्या तोंडून ऐकून आधी गल्ली तिला आत्या म्हणू लागली, मग भाडेकरू, मग भाजीवाले. सत्तरी ओलांडल्यावरही ती जुन्या पद्धतीचं आखूड लुगडं नेसायची आणि त्याच्या कनवटीला स्मार्टफोन खोचायची. त्या फोनवर तिला बोलण्यापेक्षा व्हिडिओ बघण्यात रस होता, आणि त्यातल्या प्रत्येक बुवाबाजीवर तिचं एकच म्हणणं असे, की याला कुणी काही विचारत कसं नाही.

विचारण्याची तिला खोडच होती. गल्लीत नवा डॉक्टर आला, की ही आधी बिनआजाराची जाऊन यायची. याआधी कुठे होतात आणि तिथून का निघालात, हे विचारून झालं की मगच कुणाला तरी ताप घेऊन पाठवायची. एकदा निवडणुकीचा एक उमेदवार मतं मागायला आला. त्याच्या गळ्यात हार, मागे ढोल. आत्याने त्यालाही पार्किंगमधल्या खुर्चीवर बसवलं आणि भाडेकरूंना हाका मारल्या. पहिल्या दोन प्रश्नांत तो हसत होता. नर्सबाईंनी रस्त्यावरच्या बंद दिव्यांबद्दल विचारायला सुरुवात केली, तेव्हा त्याला दुसऱ्या सभेची आठवण झाली. आत्याला त्याचा राग आला नाही. "इचारनं म्हंजे आरोप नाय," ती म्हणाली. "ज्याला इचारल्यावर राग येतो, त्याला मोठ्या जागेवर बसवाचा नाय." तिचं सगळं राजकारण एवढंच होतं.

जनार्दनसाहेब दर रविवारी दुपारी जेवायला येत. उंच, कमी बोलणारा माणूस. नोकरीत असताना जीप गल्लीच्या तोंडाशी सोडून चालत येत, कारण आत्याला दारात पोलिसांची गाडी आवडायची नाही. जेवताना ती त्यांचीही चौकशी करायची. कुणाला पकडलंस, का पकडलंस, त्याच्या घरी कोण आहे. आणि हा मोठा अधिकारी पोळीचा घास हातात धरून शाळकरी मुलासारखी उत्तरं द्यायचा. मला गंमत वाटायची, आणि खरं सांगायचं तर हेवाही वाटायचा. माझ्या घरी एवढ्या आपुलकीने कुणी कुणाला काही विचारत नसे. जनू आपल्याशी कधी खोटं बोलला नाही, हे आत्या इतक्यांदा सांगायची, की आम्हाला ते पाठ झालं होतं.

पोलिसांविरुद्धच्या तक्रारी ऐकायला बेलापूरला एक समिती बसायची. निवृत्त न्यायाधीश तिचे अध्यक्ष. त्या समितीवर एक निवृत्त पोलीस अधिकारी नेमायचा होता. अशी नेमणूक एरवी झाल्यावरच लोकांना कळते. त्या वेळी मात्र नाव आधी वर्तमानपत्रात आलं, लोकांकडून हरकती मागवल्या गेल्या आणि उघड सुनावणी ठेवली गेली. नाव जनार्दनसाहेबांचं होतं. गावकीचे अध्यक्ष नाना यांनी लगेच गावाच्या कमानीवर साहेबांच्या फोटोचा बॅनर लावला. नेमणूक झाली नसली तरी अभिनंदन करून टाकलं. आत्याला नावाचा आनंद झालाच, पण सुनावणीचा त्याहून जास्त झाला. मी तिला जाहिरात वाचून दाखवली, तेव्हा ती मोठ्याने हसली. "बग बाय, सरकार पन खुर्ची टाकाला शिकला."

सुनावणीच्या दिवशी गावातून टेम्पो भरून माणसं गेली. नानांनी हार पिशवीत तयार ठेवले होते. आत्या मला शेजारी घेऊन पुढच्या रांगेत बसली. तिला भाच्याच्या बाजूने बोलायचं होतं, आणि काय बोलायचं ते तिने टेम्पोत दोनदा मला ऐकवलं होतं: मी याला वाढवला, मी याला रोज विचारलं, याने मला रोज खरं सांगितलं.

पहिल्या काही हरकती किरकोळ होत्या. मग दिगंबर नावाचा एक माणूस उठला. जासईच्या कंटेनर यार्डात ट्रेलर चालवणारा, मूळचा बीडकडचा. बोलताना तो मान किंचित वळवून एक कान पुढे धरायचा. त्याने सांगितलं, की पूर्वी तो दुसऱ्या जिल्ह्यात क्लीनर होता. डिझेलचोरीच्या संशयावरून त्याला पोलीस ठाण्यात नेलं आणि तिथे मारलं. "तवापास्नं ह्या कानानं ऐकू येत न्हाई. होळीचा दिस व्हता, ठाण्याच्या म्होरं होळी पेटली व्हती. ठाण्याचे मोठे साहेब हेच." त्याने साहेबांकडे बोट दाखवलं नाही, नुसतं पाहिलं. त्याने तेव्हा तक्रार केली होती, आणि चौकशीत असं काही झालंच नाही असा निकाल लागला होता.

अध्यक्षांनी जनार्दनसाहेबांना उत्तर द्यायला सांगितलं. ते उभे राहिले आणि नेहमीच्या शांत आवाजात म्हणाले, की त्या दिवशी मी स्वतः पूर्ण वेळ ठाण्यात हजर होतो, माझ्यासमोर कुणालाही मारहाण झालेली नाही, आणि तेव्हाच्या चौकशीत मी तसाच जबाब दिलेला आहे. सभागृहात नानांनी मान डोलावली. मला वाटलं, झालं, आता आत्याची पाळी.

आत्याने माझ्या मनगटावर हात ठेवला होता. ती हळूच म्हणाली, कोणती होळी म्हणाला तो? मी दिगंबरने सांगितलेलं वर्ष सांगितलं. तिचा हात माझ्या मनगटावर तसाच राहिला, पण जड झाला.

यातली मेख मला नंतर कळली, ती इथेच सांगते. तळवलीच्या होळीचा मान दरवर्षी एकेका घराकडे फिरतो. ज्याचा मान, त्या घरातल्या पुरुषाने होळीला पहिला नारळ द्यायचा. द्यायला कुणी नसेल, तर मान पुढच्या घराकडे जातो, आणि मग तो परत आपल्याकडे यायला आयुष्य जातं. त्या वर्षी मान आत्याच्या घराचा होता. तिच्या घरात पुरुष म्हणजे जनूच. होळीला पोलिसांना सुट्टी मिळत नाही, सगळे बंदोबस्तात असतात. तरी त्या संध्याकाळी जनू आला होता. साध्या कपड्यांत आला, सगळ्या गावादेखत नारळ दिला, आत्याच्या हातची पोळी खाल्ली आणि रातोरात परत गेला. म्हणजे टेम्पोतून आलेल्या गावच्या प्रत्येक माणसाने त्याला त्या होळीला डोळ्यांनी पाहिलं होतं. मी मागे वळून पाहिलं, तर सगळे आपापल्या चपलांकडे बघत होते.

आत्या उठली. मागून नाना दबक्या आवाजात म्हणाले, "आत्ये, बस खाली." ती बसली नाही. अध्यक्षांनी तुम्ही कोण म्हणून विचारलं. मी त्याची आत्या, मीच त्याला वाढवला, असं सांगून ती त्यांच्याकडे पाठ करूनच उभी राहिली. तिला फक्त जनार्दनसाहेबांशी बोलायचं होतं. रविवारी जेवताना बोलायची त्याच आवाजात ती बोलली.

"जनू, त्या होलीला तू आपल्या घरा व्हतास. मानाचा नारल तू दिलास. मंग ठान्यान काय झाला, काय नाय, तुला कसा म्हाईत?"

मला आजही वाटतं, की त्या क्षणी साहेब म्हणू शकले असते, की म्हातारीची आठवण पक्की नाही. तिचं वय तसं म्हणण्याजोगं होतं. गावातल्या एकानेही तिची बाजू घेतली नसती. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "हो आत्या." आणि अध्यक्षांकडे वळून सांगितलं, की मी ठाण्यात नव्हतो, माझा तेव्हाचा जबाब खोटा आहे, आणि मी माझं नाव मागे घेतो. दिगंबर एक कान पुढे करून ऐकत होता. त्याने शेजारच्याला विचारून खात्री करून घेतली, की आपण ऐकलं ते बरोबर आहे.

परतताना टेम्पोत आत्याच्या शेजारी मी सोडून कुणी बसलं नाही. हार पिशवीतच राहिले. दुसऱ्या दिवशी कमानीवरचा बॅनर उतरला. आमच्या गावाला पहिल्यांदा मोठी खुर्ची मिळत होती आणि ती घरच्याच म्हातारीने घालवली, असं जो तो म्हणू लागला. नाना रोज सकाळी आत्याकडे चहाला येत, ते येणं बंद झालं. भाजीवाली तेवढी बोलायची, पण ती मुळात गावची नव्हती. भाडेकरूंनी आत्याला धरून ठेवलं. नर्सबाई ड्युटीवरून आल्या की आधी तिच्याकडे डोकावत, आणि गाण्यावरून माझी उलटतपासणी घेणारे काका तिला रोज पेपर वाचून दाखवू लागले.

रविवार आले आणि गेले. साहेब आले नाहीत. आत्या त्यांच्या वाटणीचं जेवण करायची आणि संध्याकाळी ते माझ्या दारात आणून द्यायची. मी नको म्हटलं नाही. एका संध्याकाळी ती डबा देऊन परत गेली नाही, दारातच बसली. मी म्हटलं, आत्या, तुला वाईट वाटतंय का बोललीस त्याचं? ती नाही म्हणाली. मग तिने सांगितलं.

"मी कोनाला सोडला नाय बाय इचाराला. त्या होलीला तो आला, तवा मना म्हाईत व्हता, का पोलिसाला सुट्टी नसते. सुट्टी घेतलीस का, एवढाच इचाराचा व्हता. नाय इचारला. मना तो पायजे व्हता." जरा थांबून ती म्हणाली, "मी इचारला असता, तर तो खरा बोलला असता. मी बोलली असती, जा परत. मंग त्या पोराचा कान वाचला असता."

ती रडली नाही. डोळे पुसायचं काम मलाच करावं लागलं. मी तिला म्हणाले, की मारणारे दुसरेच होते, त्यात तुझा काय दोष. तिने ते ऐकून घेतलं, पण पटवून घेतलं नाही.

नंतर एका रविवारी जनार्दनसाहेब आले. न सांगता, नेहमीच्या वेळेला. आत्याने पाट मांडला, ताट वाढलं आणि विचारायला सुरुवात केली. त्यांनीही नेहमीसारखी उत्तरं दिली. त्या होळीला ते पहाटे ठाण्यात पोहोचले, तेव्हा पोराचा कान सुजलेला होता. हाताखालचे म्हणाले, पायरीवरून पडला. त्यांना ते खरं वाटलं नव्हतं. पण खरं शोधायचं तर आपण रात्री कुठे होतो ते आधी सांगावं लागलं असतं. म्हणून जे पुढे ठेवलं, त्यावर सही केली. आता त्यांनी त्याच समितीकडे अर्ज केला होता, की दिगंबरची तक्रार पुन्हा उघडा, मी साक्ष देतो. पेन्शनचं काय होईल, असं आत्याने विचारलं. माहीत नाही, असं ते म्हणाले. तिने त्यांच्या ताटात आणखी भात वाढला. मी दारात उभी होते. मला वाटलं, आता सगळं जागेवर आलं.

पण साक्षीची तारीख लागायच्या आतच आत्या आजारी पडली. छातीत दुखतंय म्हणून वाशीच्या दवाखान्यात नेलं, तिथेही तिने अतिदक्षता विभागातल्या तरुण डॉक्टरला विचारलंच, की याआधी तू कुठे होतास. तो म्हणाला, आत्या, इथेच शिकलो, इथेच लागलो. तिने मान हलवली. चांगलं उत्तर आहे, असं तिला वाटलं असावं. जनार्दनसाहेब तिच्या पायाशी बसून होते. तिसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. माझी सख्खी आत्या बार्शीला आहे, देव तिला उदंड आयुष्य देवो. पण आत्या म्हटलं की मला तीच आठवते.

तिचं सगळं जनार्दनसाहेबांनी केलं. त्यामुळे साक्षीच्या दिवशी ते समितीसमोर उभे राहिले, ते मुंडन केलेल्या डोक्याने. केस नुकते कुठे फुटायला लागले होते. आम्ही भाडेकरू गेलो होतो. गावातून कुणी येईल असं वाटलं नव्हतं, पण मागच्या रांगेत नाना एकटेच येऊन बसले होते. मला वाटलं, साहेबांची फजिती बघायला आले असतील.

ज्या पोलिसांवर मारहाणीचा आरोप होता, त्यांचा वकील हुशार होता. त्याने साहेबांना विचारलं, की तुम्ही त्या दिवशी रजा घेतल्याची नोंद नाही, गेल्याची नोंद नाही, सगळीकडे हजर असल्याचीच नोंद आहे. मग तुम्ही गावी होतात हे सांगणारं कोण आहे? साहेब म्हणाले, माझी आत्या होती, ती वारली. वकील म्हणाला, त्याचं वाईट वाटतं, पण त्यांनी इथे फक्त प्रश्न विचारला होता, साक्ष दिली नव्हती, मग तुमच्या शब्दाला आधार काय राहिला? साहेब म्हणाले, सगळं गाव होतं. वकिलाने सभागृहाकडे हात केला आणि विचारलं, "त्या गावातलं इथे कुणी आहे?"

दिगंबर मान वळवून सगळ्यांच्या तोंडांकडे बघत होता. आम्ही भाडेकरू काय बोलणार, त्या होळीला आम्ही कुणीच तिथे नव्हतो. वकील कागद आवरू लागला. मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

नाना उभे राहिले होते. त्यांचा आवाज एरवी गावकीत घुमतो, तो त्या दिवशी जेमतेम पुढे पोहोचला. "मी व्हतो साहेब. नारल मीच त्याच्या हातान दिला."

अध्यक्षांनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. म्हणाले, "मागच्या सुनावणीला तुम्ही याच सभागृहात होतात. तेव्हा का बोलला नाहीत?"

नानांनी जनार्दनसाहेबांच्या डोक्याकडे पाहिलं. "तवा बोलाला आत्या व्हती," ते म्हणाले, आणि खाली बसले नाहीत. पुढचा प्रश्न येईल म्हणून उभेच राहिले.